कोणती कोमला? एका नावाच्या अनेक चुली

इराणी कुर्दिस्तानातून परागंदा झालेला एखादा माणूस सुलैमानियात भेटला आणि ‘मी कोमलाचा’ म्हणाला, तर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: कोणत्या कोमलाचा? अब्दुल्ला मोहतदींच्या, इब्राहीम अलीजादेंच्या, की ‘जहमतकेशान’वाल्यांच्या, म्हणजे कष्टकऱ्यांच्या? इराकमधल्या या शहराजवळ जर्गवेझ परिसरात एकाच नावाच्या गटांच्या छावण्या वर्षानुवर्षं हाकेच्या अंतरावर उभ्या होत्या. प्रत्येक छावणीत आपलीच कोमला खरी आणि बाकीच्यांनी नाव पळवलं, असं सांगणारे जुने पेशमर्गा, म्हणजे कुर्द लढवय्ये, होते. मराठीत याला भाऊबंदकी म्हणतात. वाटणीत भांडण जमिनीचं असतं, इथे ते नावाचं आहे, एवढाच फरक.

आधी नावाचा घोळ निस्तरू. कुर्दी भाषेत ‘कोमला’ म्हणजे मंडळ, संघटना. शब्द इतका साधा की कुर्दांच्या इतिहासात तो वारंवार भेटतो. १९४२ मध्ये महाबादला स्थापन झालेल्या गुप्त संघटनेच्या नावातही ‘कोमला’ होतं. १९७० च्या सुमारास इराकी कुर्दिस्तानात नौशिरवान मुस्तफांनी उभ्या केलेल्या माओवादी गटाच्या नावातही होतं. इथे बोलायचं आहे ते इराणच्या कोमलाबद्दल. तिचं पूर्ण नाव ‘इराणी कुर्दिस्तानच्या कष्टकऱ्यांची क्रांतिकारी संघटना’. माओच्या विचारावर जन्मलेली ही संघटना पुढे देशव्यापी कम्युनिस्ट पक्षात विरघळली, त्यातून बाहेर पडून सामाजिक लोकशाहीवादी झाली, आणि २०२३ मध्ये तिच्या एका गटाच्या नेत्याची सही इराणच्या पदच्युत शहाच्या मुलाच्या सहीसोबत एकाच सनदेवर आली. हा प्रवास संधिसाधूपणाचा म्हणून निकालात काढणं सोपं आहे. मला तो तसा वाटत नाही. या पक्षाने प्रत्येक वळणावर आधी सोबत बदलली, विचार मागून बदलले. एकच वळण याला अपवाद आहे, आणि ते मला सगळ्यात लक्षणीय वाटतं.

तेहरानच्या खोल्या, मरीवानची शेतं

कोमला आपला जन्म १९६९ च्या शरद ऋतूतला सांगते. तेहरानच्या विद्यापीठांत शिकणारी कुर्द मुलं गुप्तपणे भेटू लागली: फुआद मुस्तफा सुलतानी, अब्दुल्ला मोहतदी, मोहम्मद हुसेन करीमी आणि आणखी काही जण. फुआद मरीवानजवळच्या अलमाने गावचे, तेहरानला अभियांत्रिकी शिकलेले. मोहतदी बुकानच्या नामांकित घराण्यातले. संघटनेला तेव्हा जाहीर नावही नव्हतं, आणि ‘१९६९’ या तारखेवरून पुढे पक्षातल्याच लोकांनी वाद घातले. नाव लोकांसमोर आलं ते थेट १९७९ मध्ये.

या मुलांसमोर दोन ताजी अपयशं होती. पहिलं सोव्हिएत युनियनच्या तंत्राने चालणाऱ्या इराणच्या तुदेह पक्षाचं. दुसरं १९६७-६८ मधलं, जेव्हा इस्माईल शरीफजादे, सुलेमान मुईनी यांच्यासारख्या तरुणांनी डोंगरात शस्त्र उचललं आणि दीड वर्षात ते संपवले गेले. कोमलाच्या मुलांनी निष्कर्ष काढला तो असा: मूठभर बंदूकधाऱ्यांनी क्रांती होत नाही, आधी लोकांत जाऊन राहायला हवं. मॉस्को नको म्हटल्यावर त्या काळी उरत होतं पेकिंग. इराण हा ‘अर्धसरंजामी, अर्धवसाहती’ देश आहे, तेव्हा क्रांती खेड्यातून शहराकडे येणार, हे सूत्र त्यांनी घेतलं. नक्षलबारीनंतरची आपल्याकडची पत्रकं ज्यांनी चाळली आहेत त्यांना हा शब्दप्रयोग तोंडपाठ असेल. तो त्याच टांकसाळीतला.

अडचण अशी की शहाने साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून जमीन-सुधारणा राबवल्या होत्या. जुनी सरंजामी रचना मोडत होती, खेड्यातली माणसं मजुरीसाठी शहरांकडे लोटली जात होती. डोळ्यांसमोरचा इराण पुस्तकातल्या चीनसारखा नव्हता. हे संघटनेतल्या काहींना जाणवत होतं, पण सूत्र सुटत नव्हतं. दरम्यान सत्तरच्या दशकात सावाक या गुप्त पोलिसांनी यातल्या अनेकांना पकडलं. फुआद तुरुंगात गेले. १९७८ च्या शरदात, क्रांतीच्या वाऱ्यात सुटून आलेल्यांनी पहिलं अधिवेशन भरवलं. त्यात बराच वेळ गेला तो आत्मटीकेत: आपण लोकांत गेलो म्हणतो, पण खरं तर लोकांपासून लपूनच राहिलो.

मग १९७९ आलं. १५ फेब्रुवारीला, शहाची राजवट कोसळून चारच दिवस झाले असताना, सक्केझमधल्या झटापटीत जखमी झालेले मोहम्मद हुसेन करीमी गेले. त्यांच्या मृत्यूच्या निमित्ताने ‘कोमला’ हे नाव पहिल्यांदा उघडपणे घेतलं गेलं. इराणी पंचांगात तो २६ बहमन. आजही तो कोमला दिन.

त्या वसंतात आणि उन्हाळ्यात कोमला जे काम करत होती ते तिच्या सिद्धांतापेक्षा सरस होतं, असं माझं मत. मरीवान भागात फुआद यांनी ‘येकेती जुतियारान’ म्हणजे शेतकरी संघ उभा केला. क्रांतीच्या गोंधळात जुने आगा, म्हणजे जमीनदार, कुळांकडून जमिनी परत बळकावू लागले होते, आणि संघ त्यांच्या आडवा उभा राहिला. जुलैमध्ये मरीवान शहरात सरकारी सशस्त्र लोकांशी चकमक झाली, फौजा येणार अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा रहिवाशांनी लढण्याऐवजी शहरच सोडलं. हजारो माणसं बायकामुलांसह गावाबाहेर झाडांखाली जाऊन राहिली. शहर रिकामं, आता कोणाला वेढा घालता ते घाला. त्यांच्या पाठिंब्याला सनंदजहून शंभराहून अधिक किलोमीटर पायी मोर्चा आला. खेड्यांनी शहराला वेढायचं हा माओचा धडा होता. इथे शहरच उठून रानात गेलं. असली युक्ती कोणत्याही लाल पुस्तकात नव्हती.

कुर्दिस्तानात मोठा पक्ष दुसरा होता. कुर्दिस्तान डेमोक्रॅटिक पक्ष १९४५ मध्ये महाबादला स्थापन झालेला, १९४६ च्या अल्पायुषी प्रजासत्ताकाचा वारसा सांगणारा, आणि अब्दुल रहमान कासिमलू यांच्यासारखा युरोपात वावरलेला नेता असलेला. त्याची मागणी सरळ होती: इराणला लोकशाही, कुर्दिस्तानला स्वायत्तता. कोमला विचारायची, कोणत्या कुर्दाला? आगाला की कुळाला? एक विसंगती मात्र नोंदवायला हवी. या कट्टर डाव्यांना त्या काळातला सर्वांत जवळचा वडीलधारा लाभला तो एक धर्मगुरू, महाबादचे शेख इज्जुद्दीन हुसेनी. तेहरानशी वाटाघाटी करणाऱ्या कुर्द शिष्टमंडळाचे प्रमुख तेच होते. मार्च १९७९ मधल्या इस्लामी प्रजासत्ताकाच्या सार्वमतावर कोमलाने बहिष्कार घातला, पण शेखांचा हात सोडला नाही.

१९ ऑगस्ट १९७९ ला खोमेनींनी कुर्दिस्तानवर चालून जाण्याचा आदेश दिला. मागोमाग सादिक खलखाली हे न्यायाधीश एकेका शहरात काही मिनिटांचे खटले चालवत फिरले. २७ ऑगस्टला सनंदजच्या विमानतळावर अकरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या क्षणाच्या छायाचित्राला पुढच्या वर्षी निनावी छायाचित्रकार म्हणून पुलित्झर मिळालं, आणि जहांगीर रझमी हे नाव जगाला कळायला २००६ उजाडावं लागलं. त्याच आठवड्यात मरीवानमध्ये मारल्या गेलेल्यांत फुआद यांचे दोन भाऊ होते. ३१ ऑगस्टला फुआद स्वतः चकमकीत पडले. कोमलाचे लोक त्यांना ‘काक फुआद’ म्हणतात, काक म्हणजे थोरला भाऊ. पक्षाला पुढे जेवढ्या वाटा फुटल्या, त्या सगळ्या वाटांवरचे लोक त्यांना काक म्हणतच राहिले.

१९८० च्या वसंतात सनंदज चोवीस दिवस लढलं. गल्लीबोळांत ‘बिनके’ नावाच्या मोहल्ला समित्या होत्या. भाकरीच्या वाटपापासून पहाऱ्यापर्यंत सगळं त्या पाहत, आणि त्यांत कोमलाचा जीव होता. शहर पडलं. पक्ष डोंगरात गेला.

पत्रकांनी जिंकलेला पक्ष

मी वर म्हटलेला अपवाद इथे येतो.

तेहरानमध्ये १९७९ च्या आसपास काही मोजक्या तरुणांचा एक गट तयार झाला होता. त्याला आधी सहंद म्हणत, मग ‘कम्युनिस्ट लढवय्यांचा संघ’. त्याचा मेंदू म्हणजे मन्सूर हिकमत. हे टोपणनाव. तेहरानला जन्मलेले, लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेले. त्यांच्याकडे ना पेशमर्गा होते, ना गावं, ना डोंगर. होती ती पत्रकं. त्यांत ते एकच गोष्ट हातोडीने ठोकत होते: इराण भांडवलशाही देश आहे. ‘अर्धसरंजामी’ ही गप्प बसायची सोय आहे. पुरोगामी ‘राष्ट्रीय भांडवलदार’ ही दंतकथा आहे. खोमेनींत साम्राज्यवादविरोधी गुण शोधणारे डावे स्वतःचीच कबर खणत आहेत.

शेवटचा मुद्दा तेव्हा जिवंत होता. तुदेह पक्ष खोमेनींच्या मागे उभा होता, सर्वात मोठा गनिमी डावा गट असलेल्या फिदाईंमधला बहुसंख्य भागही तिकडेच झुकला. कुर्द डेमोक्रॅटिक पक्षातूनही १९८० मध्ये एक गट तुदेहच्या बाजूने फुटून निघाला. कुर्दिस्तानात मात्र सरकारी तोफा धडधडत होत्या. डोंगरात बसलेल्या कोमलाच्या कार्यकर्त्याला तेहरानचा एक माणूस लिहून सांगत होता की तोफ डागणारं सरकार पुरोगामी असूच शकत नाही, आणि का नाही ते अर्थशास्त्राने सिद्ध करत होता. ते त्याला पटलं नसतं तरच नवल.

१९८१ च्या दुसऱ्या अधिवेशनात कोमलाने अर्धसरंजामी सिद्धांत सोडून दिला. माओही सुटला. हजारो सशस्त्र माणसं, स्वतःचं रेडिओ केंद्र आणि मुक्त इलाका असलेला पक्ष मूठभर लेखकांच्या विचारापुढे नमला, तोही कोणत्याही दबावाशिवाय. राजकीय पक्षांच्या इतिहासात असं क्वचित घडतं. २ सप्टेंबर १९८३ ला इराणचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला, मोहतदी त्याचे सरचिटणीस झाले, आणि कोमला त्या पक्षाची ‘कुर्दिस्तान संघटना’ झाली.

कागदावर कोमला शाखा आणि कम्युनिस्ट पक्ष झाड. प्रत्यक्षात झाडाची जवळजवळ सगळी मुळं त्या एका शाखेतच होती. तेहरानमध्ये १९८१ पासून डाव्यांची कत्तल चालू होती, इस्फहान-तब्रीझच्या कारखान्यांत पक्षाचं बळ नाममात्र. इराणी कामगारवर्गाच्या नावाने बोलणारा पक्ष राहत होता कुर्दिस्तानच्या दऱ्यांत, जेवत होता कुर्द शेतकऱ्यांच्या घरात, आणि त्याचे हुतात्मे बहुतेक कुर्द खेड्यांतले. विलीनीकरणाच्या या जमाखर्चात फट होती. पुढची प्रत्येक फूट तिथूनच गेली.

तोपर्यंत चांगलंही बरंच घडलं. शस्त्र घेतलेल्या स्त्रिया इराणी कुर्दिस्तानात पहिल्यांदा कोमलाच्या तुकड्यांत दिसल्या, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. गावात मुलीच्या लग्नाचा निर्णय बाप आणि आगा घेत, त्या गावातली मुलगी बंदूक खांद्याला लावून परत येते, ही गोष्ट कोणत्याही ठरावापेक्षा खोल गेली असणार. आज इराणी कुर्द स्त्रियांच्या चळवळीबद्दल बोलताना ही वर्षं वगळता येत नाहीत.

आणि वाईटही घडलं, तेही सिद्धांताच्या मापानेच. नव्या भाषेत डेमोक्रॅटिक पक्ष आता ‘भांडवलदारांचा पक्ष’ ठरला. त्या पक्षाला कोमला ही आपल्या इलाक्यात शिरलेली उपरी वाटत होती, आणि कुर्दिस्तानच्या लढ्याचं नेतृत्व आपलं एकट्याचं, असा त्याचा हट्ट होता. १९८४ च्या अखेरीस हवरामान या डोंगराळ भागात ठिणगी पडली. समोर खोमेनींची फौज उभी असताना दोन कुर्द पक्ष एकमेकांवर गोळ्या झाडत होते, जवळजवळ चार वर्षं, शेकडो मृत्यूंपर्यंत. दोन्हीकडे मेलेली मुलं त्याच गावांतली, कधी त्याच घरातली. या युद्धाचा दोष कोणाचा यावर आजही दोन्ही पक्षांची दोन तोंडं आहेत. मला दोष वाटून घेण्यात रस नाही. पण ‘वर्गशत्रू’ हा शब्द कोमलाने शेजाऱ्याला लावला नसता, तर युद्ध इतकं लांबलं नसतं, एवढं म्हणतो.

१९८८ हे वर्ष तर कंबर मोडणारं. इराकी कुर्दिस्तानातल्या हलब्जा शहरावर सद्दाम हुसेनने मार्चमध्ये रासायनिक वायू सोडला तेव्हा कोमलाची शवान तुकडी त्याच भागात होती. वायूने अर्धमेल्या झालेल्या त्या तुकडीला वर इराणी फौजांनी गाठलं. मे महिन्यात इराकी विमानांनी कोमलाच्या सीमेवरच्या तळावरही रासायनिक बाँब टाकले. इराणविरुद्ध लढताना कोमला इराकच्या भूमीवर आसरा घेऊन होती, आणि आसरा देणारा असा निघाला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सनंदजचे लोकप्रिय वकील आणि नेते सिद्दिक कमांगर यांना रेडिओच्या तळावरच, आत घुसवलेल्या माणसाने मारलं.

१९९१: कोणाचा आनंद?

मार्च १९९१. आखाती युद्धात सद्दाम हरला आणि इराकी कुर्दिस्तान उठलं. रानियापासून सुरू झालेला हा उठाव, ‘रापरीन’, काही दिवसांत शहरामागून शहर घेत गेला. कोमलाच्या छावण्या तिथेच शेजारी होत्या.

कोमलातल्या अनेकांना जे वाटलं ते समजायला सिद्धांत लागत नाही. आपली भाषा बोलणारी माणसं, आपल्याच नावाची गाणी, आणि सद्दामच्या पोलिसांची कचेरी जळताना. मोहतदींच्या लेखणीतून तो आनंद उतरला. हिकमत यांनी त्यात राष्ट्रवादाचा वास ओळखला आणि तो वास पक्षाच्या आत आहे असं जाहीर केलं. त्यांचा युक्तिवाद असा: अमेरिकेच्या छत्राखाली आलेले कुर्द नेते उद्याचे मालक आहेत. कामगाराने त्यांच्या विजयावर नाचायचं कशाला?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. इराकी कुर्दिस्तानात पुढे दोन घराण्यांचं राज्य झालंच, १९९४ पासून त्यांची आपसांत लढाईही झाली. पण हिकमत यांच्या भूमिकेला राहायला घर नव्हतं. ज्या भूमीवर पक्ष बसला होता, तिथल्या लोकांच्या सर्वांत मोठ्या दिवशी ‘आम्ही यात नाही’ म्हणायचं आणि संध्याकाळी त्यांच्याच बाजारातून पीठ आणायचं, हे पत्रकात जमतं. छावणीत जमत नाही.

शेवटी फूट पाडून बाहेर पडले ते हिकमतच. नेतृत्वातला मोठा भाग, त्यात कोमलाचे जुने संस्थापकही, त्यांच्यासोबत गेला आणि १९९१ च्या अखेरीस इराणचा वर्कर-कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला. त्याचं केंद्र युरोपात गेलं. हिकमत २००२ मध्ये लंडनला वारले आणि दोनच वर्षांत त्या पक्षातही फूट पडली. वेगळ्या झालेल्या गटाने तर ‘हिकमतवादी’ असंच नाव लावलं. मूळ घरात मोहतदी आणि अलीजादे राहिले. कम्युनिस्ट पक्षाची पाटी तशीच, आतलं सामान निम्मं.

एक तपशील या सगळ्या काळाला लागू पडतो. जुलै १९९६ मध्ये इराणी फौजेने इराकी कुर्दिस्तानात आत घुसून कोयासिंजकपर्यंत धडक मारली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या तळांसाठी. इराकी कुर्द पक्षांनी मग इराणी कुर्दांना अट घातली: राहा, पण इथून लढू नका. त्या दिवसापासून कोमलासारखे पक्ष लढाई नसलेल्या फौजा झाले. पेशमर्गा पहारा देतो, कवायत करतो, लग्न करतो, मुलांना छावणीच्या शाळेत घालतो. गाव सीमेपलीकडे दिसतं, जाता येत नाही. अशा ठिकाणी बाहेरचा शत्रू दुरावतो आणि शेजारच्या तंबूतला माणूस रोज समोर येतो.

परतीची वाट, आणि तिचे फाटे

२००० मध्ये मोहतदी बाहेर पडले. त्यांचं म्हणणं थोडक्यात: १९८३ चं विलीनीकरण ही चूक होती, कुर्द कष्टकऱ्यांची जी जिवंत चळवळ होती तिला आपण पुस्तकी पक्षाची शाखा करून टाकलं. कोमला पुन्हा कोमला व्हायला हवी. ते या सगळ्याला पुनर्बांधणी म्हणाले. अलीजादे आणि त्यांचे सहकारी म्हणाले, हा सरळसरळ राष्ट्रवाद. ते कम्युनिस्ट पक्षातच राहिले आणि त्यांनीही कोमला हे नाव सोडलं नाही.

मोहतदींची नवी कोमला हळूहळू सामाजिक लोकशाहीकडे सरकली. क्रांतीऐवजी बहुपक्षीय लोकशाही, कामगारांच्या राज्याऐवजी संघराज्य. २००५ मध्ये इराणमधल्या बलुच, अरब, अझरबैजानी गटांसोबत संघराज्यवादी आघाडी झाली, त्यात कोमला होती. सोशालिस्ट इंटरनॅशनल या जगभरच्या सामाजिक लोकशाहीवादी पक्षांच्या संघटनेशी नातं जुळलं. २०१२ मध्ये ज्या डेमोक्रॅटिक पक्षाशी चार वर्षं युद्ध केलं, त्याच्याशी संघराज्याच्या मागणीवर करार झाला.

हा बदल कुठून आला? मोहतदींनी मार्क्स सोडून नवं काही वाचलं, असं नव्हे. आजूबाजूला पाहा. सुलैमानियाचे यजमान म्हणजे जलाल तालबानींचा पक्ष. त्याच्या पोटातही एक जुनी माओवादी कोमला होती, तोही सोशालिस्ट इंटरनॅशनलच्या वर्तुळात जाऊन बसला होता, आणि २००३ नंतर तर बगदादच्या सत्तेत. २००५ मध्ये तालबानी इराकचे राष्ट्राध्यक्ष झाले. डोंगरातला कुर्द नेता बगदादच्या महालात बसू शकतो, हे शेजारी दिसत असताना संघराज्य ही मागणी मवाळ वाटेनाशी होते. ती शक्य वाटू लागते.

मग २००७. उमर इलखानीजादे आणि त्यांचे साथी वेगळे झाले आणि ‘कुर्दिस्तानच्या कष्टकऱ्यांची कोमला’ निघाली. २००८ मध्ये आणखी एक गट. या फुटींवर मी फार शब्द खर्चत नाही, कारण वाद विचारसरणीचा फारसा नव्हताच. अंतर्गत लोकशाही, नेतृत्वाची पकड, निर्णय कोण घेतं, असले मुद्दे होते. १९९१ ला निदान कामगार की राष्ट्र यावर हजारो पानं लिहिली गेली. २००७ च्या भांडणाची पानं कुणी जपून ठेवल्याचं दिसत नाही. सिद्धांताचा आधार पातळ झाला की भांडणं थांबतील अशी कुणाची समजूत असेल, तर कोमलाने ती खोटी ठरवली. उलट आता वेगळी चूल मांडायला कारणही मोठं लागेना.

सक्केझ पुन्हा

१६ सप्टेंबर २०२२ ला तेहरानमध्ये नीती-पोलिसांच्या कोठडीत नेलेली जीना अमीनी मरण पावली. जगाला ती महसा म्हणून ठाऊक. ती सक्केझची, म्हणजे करीमी ज्या शहरात पडले त्याच शहराची. तिच्या अंत्यविधीत ‘जिन, जियान, आझादी’ (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) ही घोषणा झाली आणि दोनच दिवसांत कुर्द पक्षांनी पुकारलेला बंद कुर्दिस्तानच्या बाजारपेठांनी पाळला. चाळीस वर्षं हद्दपार असलेल्या पक्षांचं नाणं अजून चालतं, हे त्या बंदने दाखवलं. २८ सप्टेंबरला इराणच्या रेव्होल्यूशनरी गार्डने सीमेपलीकडच्या छावण्यांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडले, जर्गवेझवरही.

या धक्क्याने दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी झाल्या. एक, त्या वर्षाच्या अखेरीस मोहतदींची कोमला आणि कष्टकऱ्यांची कोमला पुन्हा एक झाल्याचं जाहीर झालं. दुसरी, फेब्रुवारी २०२३ मध्ये मोहतदी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात जाहीर झालेल्या विरोधकांच्या आघाडीत सामील झाले. त्या आघाडीत नोबेल-विजेत्या वकील शिरीन इबादी होत्या, पत्रकार मसीह अलीनेजाद होत्या, आणि शहाचे पुत्र रजा पहलवी होते. मार्चमध्ये ‘महसा सनद’ आली. सह्या करणाऱ्यांत मोहतदी आणि पहलवी, दोघेही.

ज्या माणसाचे मित्र शहाच्या तुरुंगात सडले, त्याने शहाच्या मुलाबरोबर सही करावी? कुर्दिस्तानात आणि बाहेर टीका जोरात झाली. पण त्यांच्या पक्षाने २०१८ पासूनच वॉशिंग्टनमध्ये अधिकृत लॉबिंग सुरू केलेलं होतं. १९७९ ची सोबत होती मरीवानचं कूळ, १९८३ ची तेहरानचा पत्रककार, २००० ची सुलैमानियाचे यजमान, आणि आता अटलांटिकपलीकडचे इराणी. सनदेतली धर्मनिरपेक्ष लोकशाही, विकेंद्रीकरणाचे मोघम शब्द, हे त्या नव्या सोबतीच्या मापाने कापलेले होते. सोबत टिकली नाही. एप्रिलमध्येच आघाडी विस्कटली.

घरातली एकीही टिकली नाही. काही महिन्यांतच जुने दोन गट पुन्हा वेगळे झाले, आणि जून २०२३ मध्ये जर्गवेझच्या छावणीत त्यांची आपसांत गोळीबारापर्यंत गेली. पेशमर्गांचे जीव गेले, आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी. १९८४ ला निदान समोर दुसरा पक्ष होता.

मार्च २०२३ मध्ये इराण आणि इराक यांच्यात सुरक्षा करार झाला होता. १९ सप्टेंबरपर्यंत सीमेवरच्या इराणी कुर्द पक्षांची शस्त्रं काढून घ्यायची आणि त्यांना हलवायचं, असं त्यात ठरलं. छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. ज्या तळांवरून एवढी वर्षं ‘हा आमचा, तो तुमचा’ चाललं होतं, ते तळच हातचे गेले. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा त्यात फुआद आणि करीमींच्या तसबिरी होत्या. प्रत्येक गटाच्या वेगळ्या, फोटो तेच. २६ बहमन दर वर्षी येतो, आणि त्या दिवशी कोमला दिन साजरा होतो, जितक्या कोमला आहेत तितक्या ठिकाणी.